हाताला येणारं जनावर

आमच्या घरात जनावर आलं ते हौसेनं नाही आलं. सासऱ्याला घरात धरून ठेवायला दुसरा उपाय उरला नव्हता, म्हणून आलं.

असं बोललं की लोकांना वाटतं, सून खाष्ट दिसतेय. आहेच मी खाष्ट. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं न्हावरं. आमच्याकडं मिरची आणि जीभ एकाच उन्हात वाळतात. पण माझा सासऱ्यावर जीव आहे, आणि हे मी कुणापुढंही सांगेन.

भिमाआबा भांडगावचे. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, बायका-पोरं असा सगळा चालता संसार, कोकणाच्या वाटेला लागायचा आणि उन्हाळा सरता सरता माघारी यायचा. हनुमंत, माझा नवरा, त्या वाड्यातच वाढला. पण कसाबसा दहावी होऊन रेल्वेच्या गँगमध्ये लागला. पुढं सासूबाई वारल्या. पाठोपाठ आबांना दम्यानं धरलं. डॉक्टर म्हणाले, आता घाट चढणं-उतरणं बंद. मग हनुमंतानं मेंढरं भावकीतल्या आनंदरावांना विकली आणि आबांना दौंडला आणलं.

दौंडला आमचं क्वार्टर रेल्वे कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि पुढं गॅलरी. आबांनी त्या गॅलरीत घोंगडं टाकलं आणि घराकडं पाठ करून बसले, ते बसलेच. मालगाडी गेली की शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मान वळवायचे, मागं काही राहिलं तर नाही ना बघितल्यासारखे. जेवण वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. बोलायचे ते एकच.

"अवंदा आनंदरावाच्या वाड्यासंगं जातो मी. खाऊनपिऊन राखीन मेंढरं."

हनुमंत म्हणायचा, "जाऊ दे बोलतायत तर. बोललं म्हणजे गेलं का?" माझा नवरा रूळ सरळ करतो, माणसं त्याच्या आवाक्यातली नाहीत. मला मात्र स्वच्छ दिसत होतं की हा माणूस बोलतो तसं करणार. आणि दमा घेऊन घाट उतरला तर परत चढून येणार नाही.

मला एवढी काळजी का, तेही सांगते. लग्न होऊन भांडगावला आले तेव्हा मला शिलाई मशीन घ्यायचं होतं. भावकीतल्या बायका हसल्या. धनगराच्या सुनेला मशीन कशाला, लोकर विणायला का? आबांनी ते ऐकलं. एक दिवस केडगाव स्टेशनवर उतरवून घेतलेलं मशीन डोक्यावर घेऊन चालत गावात आले. भर बाजारच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत. मशीन ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, ह्ये जनावर काय खातं?" त्या मशीनवर आज निम्म्या कॉलनीचे ब्लाऊज शिवते मी. अशा माणसाला मी घाटात मरायला सोडणार होते होय?

जनावराची कल्पना माझ्या लेकीची, अंकिताची. ती पाचवीत होती. २००१ सालचा पाऊस सरत आला होता, गणपती झाले होते. ती म्हणाली, "आई, आबांना मेंढरू पाहिजे ना? मग आपण छोटं आणू. एकदम छोटं."

मग घरात वादच सुरू झाला. कुत्रं म्हटलं तर खालच्या मजल्यावरच्या सगुणाबाई रोज भांडायला वर येणार. शेळी म्हटली तर ती जिन्यातली सगळी झाडं खाऊन सगुणाबाईंना वर आणणार. मांजराचं नाव काढलं की आबा म्हणायचे, "ते जनावर न्हाई, पाव्हणं हाय. खातं आन् जातं." पिंजऱ्यातली पाखरं त्यांना बघवायची नाहीत. शेवटी हनुमंतानंच नाव काढलं कासमभाईंचं.

कासमभाई लोको शेडमध्ये फिटर. मशिदीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. अंगणात ससे, लव्हबर्ड, पांढरे उंदीर, आणि एका मोठ्या लाकडी खोक्यात शेपूट नसलेले, गुबगुबीत, उंदराहून मोठे आणि सशाहून लहान असे प्राणी. त्यांचं इंग्रजी नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या नावात डुक्कर येतं म्हणून कासमभाईंच्या दारात ते कुणी घ्यायचं नाही. ते त्यांना बिनशेपटीचे ससे म्हणत. "गरीब जात," ते मला म्हणाले. "चावत न्हाई, चढत न्हाई, घास-कोथिंबिरीवर जगतं. शंभराच्या आत काम होतंय तुमचं."

आम्हाला असंच पाहिजे होतं. लहान, परवडणारं, माणसाळलेलं. आबांना मात्र खरेदी आपल्या हातानं करायची होती. "जनावर कसं घ्यायचं त्ये तुमाला काय कळतंय," म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी पटका बांधून घराबाहेर पडले. मला तर तिथंच अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

कासमभाईंच्या अंगणात आबा उकिडवे बसले आणि त्यांनी एकेक ससा तपासायला घेतला. ओठ वर करून दात बघितले, पापणी ओढून डोळा बघितला, पोट चाचपलं, मागचे पाय ताणून सोडले. एका पांढऱ्या बोक्या सशानं त्यांच्या मनगटावर असा ओरखडा काढला की रक्त आलं. आबा खूश झाले.

"ह्यो! जनावर आसावं तर आसं. हात लावू दीत न्हाई."

अंकिता माझ्या कानाशी लागली. "आई, हा कसला मित्र होणार? हा तर मारतोय."

मी म्हटलं, "आबा, माणसाळलेलं बघा की एखादं. पोरगी खेळंल त्याच्याशी."

तेव्हा आबांनी आम्हाला अडाणी समजून नीट सांगितलं. "पोरी, धडधाकट जनावर माणसाच्या हाताला येत न्हाई. कळपात शिरलो की मेंढरं फाकत्यात. जे फाकत न्हाई, उगं जवळ येऊन ऱ्हातं, त्ये आजारी. आमच्यात पोराला चालाय लागल्यावर ह्येच पयलं शिकवत्यात. सकाळी कळपात हात पसरून जायाचं, आन् जे हाताला लागंल त्ये बाजूला काढायचं."

पिढ्यान्पिढ्यांचं शहाणपण होतं. फक्त मेंढरांचं होतं, एवढंच.

आणि नेमकं त्याच वेळी, खोक्यातून बाहेर मोकळ्या सोडलेल्या त्या बिनशेपटीच्यांपैकी एक, तपकिरी पांढरी, तुरुतुरु चालत आली. आबांच्या पायाच्या अंगठ्याचा वास घेतला. मग पायावर चढली आणि धोतराच्या घडीत अंग मुडपून बसली.

आबांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी दोन्ही हातांनी तिला उचललं. ती हलली नाही. उलट त्यांच्या तळव्यात नाक खुपसलं.

"अरारारा," आबा म्हणाले. "ही तर लईच आजारी हाय."

"आबा, न्हाई ओ," कासमभाई हसत म्हणाले, "ती जातच तशी..."

"तू गप. कळपात आजारी जनावर ठिवतोस व्हय रं? समदी जातील तुझी एका रोगात. शिकला सवरलायस आन् येवढी अक्कल न्हाई?"

कासमभाईंनी पुन्हा तोंड उघडलं. मी आबांच्या मागून त्यांना हात जोडले, ओठावर बोट ठेवलं. कारण आबांनी पटक्याचं टोक सोडून त्या प्राण्याला त्यात गुंडाळलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं, जे मी सासूबाई गेल्यापासून बघितलं नव्हतं. कासमभाई जाणते माणूस. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि मान हलवली.

"हां आबा," म्हणाले, "आता तुम्ही म्हणताय तर... थोडी सुस्तच वाटतीय खरी."

"मी घिऊन जातो. बरी झाली की बघू."

बोक्या ससा तिथंच राहिला. येताना वाटेत आबा म्हणाले, "आजारी जनावराचं पैसं द्यायचं न्हाईत आं त्याला." दुसऱ्या दिवशी मी कासमभाईंना गुपचूप पैसे पोचवले.

अंकितानं तिचं नाव खारीक ठेवलं. आबा नाव घ्यायचे नाहीत. जगेल का मरेल कळत नाही तोवर जनावराला नाव द्यायचं नसतं म्हणे. ते तिला 'आजारीण' म्हणायचे.

मग सुरू झाले उपचार. ओव्याचं पाणी, हळद, लिंबाच्या पाल्याची धुरी. धुरीनं त्यांनाच धाप लागायची, म्हणून ती मी बंद केली. गॅलरीत रिकाम्या साबणाच्या खोक्यात त्यांनी तिला घर करून दिलं, खाली जुनं घोंगडं फाडून अंथरलं. रोज सकाळी उठून खाली उतरायचे, लायनीच्या कडेनं चालत जाऊन हरळी आणायचे. पुढं बाजारातल्या घासवालीशी ओळख काढली. ती अनसाबाई, केडगावच्या बाजूची निघाली. मग काय, रोज अर्धा तास लसूणघासाबरोबर गावाकडच्या बातम्याही घरी यायला लागल्या. ज्या माणसाला बोलतं करायला मी महिनोन्‌महिने डोकं आपटलं, तो आता जेवताना आपणहून बोलत होता. बोलायचा ते सगळं आजारणीच्या तब्येतीचं.

आणि तब्येत म्हणजे काय विचारू नका. खारीक सुखात होती. दिवसभर खायची, झोपायची, आबांच्या मागं फिरायची. पण तिच्या प्रत्येक सुखाचं आबांकडं एक दुखणं तयार असायचं.

आबांचा आवाज ऐकला की ती शिट्टी घातल्यासारखी ओरडायची. आबा म्हणायचे, "रडतीय. पोटात कळ येतीय तिच्या."

ताजा घास टाकला की ती जागच्या जागी टुणकन उडायची, हवेतच अंग पिळायची. आबा घाबरून जायचे. "झटकं यायला लागलं गं पोरी!"

मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवला की तिच्या अंगातून बारीक गुरगुर यायची. आबा कान लावून ऐकायचे आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायचे, "घरघर हाय. माझ्यावानीच. कफ झालाय."

आणि ती सारखी खात असायची, त्याला तर त्यांनी भस्म्या रोग ठरवून टाकला होता.

अंकिता एकदा न राहवून म्हणाली, "आबा, ती खूश आहे म्हणून उडते." मी तिला आत ओढून नेलं. तिला समजावलं की आबा कोकणात जायचं नाव काढत नाहीत, बघितलंस ना? "आजारीण बरी हुऊ दे, मग बघू," असं परवाच म्हणाले होते. पोरगी हुशार. तिनं डोळे मोठे केले आणि तोंडावर हात ठेवला. खोटं आम्ही काही बोलत नव्हतो. आबांना जे वाटत होतं ते वाटू देत होतो. आणि सांगायला लाज कसली, मजेतही होतो.

दसरा गेला. दिवाळी आली. फराळातली कोथिंबीर आजारणीला आधी गेली, कोथिंबीरवडीला मागून. दिवाळीच्या सुटीत अंकिता आणि आबा दिवसभर गॅलरीत बसायचे. पाठ आता घराकडं नसायची. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

भाऊबीज झाली आणि आनंदरावांचा सांगावा आला. शटल गाडीनं येणाऱ्या गावच्या एका माणसानं आणला. वाडा रविवारी निघतोय, यायचं तर या.

आबांनी ते ऐकून घेतलं. दुपारभर खारकीला मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "आता आजारणीचं लवकर कायतरी केलं पायजे."

त्यांच्या मनात काय आहे ते मला त्या वेळी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले होते, आणि अंकिता किंचाळत आत आली. "आई! आबा खारकीला डागतायत!"

मी धावले. गॅलरीत आबांनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवला होता. त्याच्या जाळावर विळ्याचं टोक धरलं होतं, आणि ते लाल व्हायला लागलं होतं. मेंढरं औषधपाण्यानं बरी होईनात की धनगर डाग देतात, हे मला माहीत होतं. डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. खारीक त्यांच्या मांडीवर निवांत बसली होती, त्यांच्या सदऱ्याचं बटण चावत.

"आबा, थांबा," मी म्हटलं.

"दुसरा विलाज न्हाई, पोरी. बारीकसा द्यायचा, बरगडीखाली. धा रोगांवर चालतंय."

"जनावराच्या डॉक्टरला दाखवू."

"त्याला मेंढरू कळत न्हाई, ही काय कळायची?"

"मग थोडं दिवस जाऊ द्या."

"दिवस कुठलं आता? आयतवारी निघायचंय मला. अशी आजारी टाकून जाऊ?"

झालं. माझ्या पुढं दोनच वाटा होत्या. खरं सांगितलं तर खारीक वाचत होती आणि आबा जात होते. गप्प बसले तर ती आबांच्या लेखी आजारीच राहणार आणि तिच्यापायी आबाही राहतील, पण या मुक्या जिवाला चटका बसणार होता, तोही ज्याच्यावर त्याचा विश्वास त्याच्याच हातून. अंकिता माझा पदर ओढत होती. विळा लालभडक झाला होता.

"आबा, ती आजारी न्हाई," मी म्हटलं.

"आं?"

"पहिल्या दिवसापास्नं न्हाई. तिला काय झालेलं न्हाई."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मग हाताला का येती?"

"तुम्ही आवडता तिला. म्हणून येती."

"आन् ती रडती ती?"

"तुमचा आवाज ऐकला की आनंद होतो तिला."

"झटकं?"

"आनंद."

"छातीत घरघर?"

"आनंद, आबा," मी म्हटलं. "समदा आनंदच हाय त्यो."

स्टोव्ह फरफरत राहिला. आबांनी विळा हळूच बाजूला ठेवला आणि स्टोव्हची हवा सोडली. मग मांडीवरच्या त्या प्राण्याकडं असं बघत बसले, की जणू ती आताच कुठून तरी आली आहे. तिनं बटण सोडलं आणि त्यांच्या बोटाला नाक लावलं.

"साठ वर्सं मेंढरं राखली," ते म्हणाले. "कोकरापास्नं वाढवली. खांद्यावर घिऊन नदी वलांडली. खायला जवळ आली, भ्याली तवा आली, मरायला तर आलीच आली. पर नुसतं बसायला म्हणून एकबी जवळ आलं न्हाई गं."

मी तो विळा उचलून मोरीतल्या पाण्यात टाकून आले.

परत आले तसं त्यांनी विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कासमला?"

"त्यांना तर माझ्याआधी."

मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं आणि भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण त्यांनी खारकीला खोक्यात ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हंजी हिला माझी गरज न्हाई. मग मी इथं बसून काय करू?"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "गरज लागल्याशिवाय माणसानं घरात ऱ्हायाचंच न्हाई का? माझ्या हातात मशीन हाय म्हणून मी या घरात हाय का? उद्या हात गेला तर मला बी बाजूला काढाल?"

आबा पुन्हा घराकडं पाठ करून बसले.

शनिवारी त्यांनी घोंगडं झटकलं. हनुमंतानं समजावून बघितलं, मग रागावून बघितलं, मग नेहमीप्रमाणं ड्यूटीवर गेला. रविवारी सकाळच्या शटलला आबा निघाले. मी भाकरी बांधून दिली, दम्याच्या गोळ्या भाकरीच्या वरच ठेवल्या. दारात त्यांच्या पुढं उभी राहिले आणि जे आजवर तोंडातून निघालं नव्हतं ते बोलून टाकलं.

"आबा, जाऊ नका. कशाला म्हणून न्हाई. मला तुम्ही इथं पाहिजे, म्हणून."

ते खाली बघत राहिले. "येतो," म्हणाले, आणि जिना उतरले. कुठंही निघालेला माणूस 'येतो'च म्हणतो, त्यामुळं त्याचा मला काडीचा आधार वाटला नाही.

तो दिवस कसा गेला ते मी कुणाला सांगायची नाही. अंकिता जेवली नाही. खारीक सकाळपासून जिन्यात पाऊल वाजलं की शिट्टी घालायची. वर राहणारे गार्ड आले, शिट्टी. सगुणाबाई कशाला तरी वर आल्या, शिट्टी. दुपारपर्यंत तिनंही नाद सोडला. घास तसाच ठेवून खोक्याच्या कोपऱ्यात तोंड करून बसली. मी मशीनवर बसून एकच शिलाई तीनदा उसवली. मनात सारखं येत होतं, एक चटकाच तर होता, बसू द्यायचा होता. मग लगेच स्वतःलाच शिव्या द्यायचे.

दिवेलागणीला गॅलरीतून शिट्टी आली. एकदा नाही; एकामागून एक, थांबेचना. जिन्यात मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. अंकिता उठून दाराकडं पळाली. मी म्हटलं, "अगं, कुणीतरी असेल वरचं." तोवर मलाही ऐकू आली ती सावकाश, दम खात चढणारी पावलं.

आबा दारात उभे होते. डोक्यावर लसूणघासाचा हा एवढा भारा, घामाघूम. अंकितानं त्यांच्या कमरेला मिठी मारली तसा भारा पडला आणि घरभर घास झाला. त्या पसाऱ्यात खारीक येऊन पोचली आणि उडायला लागली, आबांच्या भाषेत झटके यायला लागले.

आबा भिंतीला टेकून बसले. पाणी प्यायले. कुणी विचारायच्या आत सांगायला लागले.

"गेलो. आनंदरावानं चांगलं केलं, च्या पाजला. मग मी मेंढरांत गेलो. माझीच मेंढरं ती, मी नावानिशी वळखतो एकेकीला. मधी जाऊन हात पसरून हुबा ऱ्हायलो. समदी फाकली. एकीनं मान वर केली न्हाई. मला लई बरं वाटलं. धडधाकट हायेत, आनंदराव नीट राखतोय."

"मग?" अंकितानं विचारलं.

"मग काय? त्यास्नी मी नको हाय, आन् तेच ठीक हाय. म्हणलं, हिथं कुणीतरी वाट बघतंय जिन्याकडं कान लावून, आन् मी तिकडं घाटात काय करू? वाडा वाटंला लावला, गाडीची येळ झाली, आलो."

एवढं बोलून ते घास गोळा करायला लागले. अंकिता त्यांना मदत करत होती आणि खारकीनं दिवसभरात काय काय केलं ते तिखटमीठ लावून सांगत होती. हनुमंत ड्यूटीवरून आला, बापाला बघितलं आणि आंघोळीला गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. रडका आहे तो, पण नळ सोडून रडतो.

मी स्वयंपाकघरात येऊन भाकरीचं पीठ काढलं. काही वेळानं मागं पाऊल वाजलं. आबा आत आले, आणि डब्यांच्या फळीखाली भिंतीला टेकून खाली बसले. खारीक त्यांच्या मांडीवर होती.

आमच्यात सासरा सुनेच्या चुलीपाशी येऊन बसत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आबांनी माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

मी पदर सारखा केला. "चहा टाकू का, आबा?"

"नगं."

"दम लागलाय का? गोळी देऊ?"

"न्हाई गं."

"मग काय पाहिजे?"

"काय न्हाई, पोरी. आसंच."

मी वळून बघितलं नाही. खारकीशी खेळताना आबांनीच अंकिताला सांगितलं होतं, आपणहून जवळ आलेल्याकडं एकदम वळून बघायचं नसतं, बुजतं. मी परातीत पाणी घेतलं आणि पीठ मळत राहिले.